लढाई संपली, कंट्रोल राहिला
(पनवेल येथील जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



भाताचा भाव, वीजबिल आणि सोसायटीचे कर्ज एवढे विषय पुढ्यात असताना आम्ही लढाईवर बोलायला उभे राहिलो, तेव्हा मागच्या रांगेत थोडी कुजबुज झाली. ती रास्तच आहे. शेतकऱ्याचा लढाईशी संबंध काय? पोरगा फौजेत असला तर तेवढाच, असे आपल्याला वाटते. पण हा संबंध तुमच्या आमच्या रोजच्या बोलण्यात लपलेला आहे. गावातल्या रेशनच्या दुकानाला आपली म्हातारी माणसे काय म्हणतात? 'कंट्रोल'. कंट्रोलची साखर आली का, कंट्रोलचे गहू कसे आहेत, असे आपण घरोघर ऐकले आहे. हा शब्द आपल्या गावात आला तो दुसऱ्या महायुद्धात. हिटलर १९४५ साली मेला. त्याच्या लढाईत आलेला कंट्रोल मात्र गावात राहिला. नुसता शब्द राहिला असता तर तक्रार नव्हती. त्यामागचा कायदाही राहिला.

आज आम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. लढाईच्या दिवसांत सरकारच्या हाती जी जादा सत्ता जाते, ती लढाई संपल्यावर आपण होऊन परत येत नाही. ती मागून घ्यावी लागते. ज्यांनी मागितली नाही त्यांच्या मानेवर ती पिढ्यान्‌पिढ्या बसते. शेतकऱ्याने ती मागितली नाही.

रंगून पडले आणि कुलाब्याच्या कणग्या उघडल्या

गोष्ट १९३९ सालापासून सुरू होते. ३ सप्टेंबरला व्हाइसरॉयने जाहीर केले की हिंदुस्थान लढाईत उतरला आहे. कोणाला विचारले? कोणालाच नाही. मुंबई इलाख्यात तेव्हा बाळासाहेब खेरांचे निवडून आलेले मंत्रिमंडळ होते. या न विचारण्याचा निषेध म्हणून काँग्रेसची मंत्रिमंडळे बाहेर पडली आणि नोव्हेंबर १९३९ पासून इलाख्याचा कारभार गव्हर्नरच्या हाती गेला. तो १९४६ पर्यंत तसाच राहिला. ऑगस्ट १९४२ मध्ये गवालिया टँकवर 'चले जाव'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून पुढाऱ्यांची धरपकड झाली. म्हणजे ज्या वर्षांत शेतकऱ्याच्या धान्यावर हात पडला, त्या वर्षांत कायदेमंडळात उठून प्रश्न विचारायला कोणी नव्हते. हे नीट लक्षात ठेवा. लढाईने आपल्या शेतात येण्याआधी आपली तोंडे बंद केली होती.

मार्च १९४२ मध्ये जपानने रंगून घेतले. ब्रह्मदेशातून हिंदुस्थानात दरवर्षी दहा लाख टनांहून जास्त तांदूळ येत असे. मुंबईच्या गिरणगावात आणि कोकणात पुष्कळ घरी हाच तांदूळ शिजे. ती वाट एका महिन्यात बंद झाली. मग मुंबईचे डोळे वळले खाडीपलीकडे. पनवेल, पेण, अलिबाग हा तेव्हाचा कुलाबा जिल्हा भाताचा. एके काळी पनवेलच्या खाडीतून पडाव भरभरून माल मुंबईला जाई. आता तो मालकाच्या मर्जीने जायचा नव्हता. भारत संरक्षण कायदा आणि त्याखालचे नियम १९३९ सालीच तयार होते. त्यांतल्या ८१ व्या नियमाने सरकारला कोणत्याही मालाचा भाव ठरवण्याचा, साठा तपासण्याचा आणि वाहतूक अडवण्याचा अधिकार दिला होता. त्याच्या आधाराने लेव्ही आली.

आमची आजी त्या वेळी नुकतीच लग्न होऊन खारेपाटात आली होती. ती सांगायची की लेव्हीवाल्यांनी शेताचा आकार पाहून भाताचा आकडा धरला. त्या वर्षी बांध फुटून निम्म्या खाचरात खारे पाणी शिरले होते, ते कागदावर नव्हते. आकडा भरला तेव्हा कणगीत उरले ते बियाण्याचे भात, आणि शेवटी त्यातलेही गेले. पुढच्या मृगाला बी उसने आणावे लागले. आजी सावकाराला नावे ठेवायची नाही. ती म्हणायची, "सावकार निदान वर्षभर थांबायचा." आम्ही पुढे शेतकी कॉलेजात बियाण्याची उगवणशक्ती शिकलो, बीजप्रक्रिया शिकलो. पण बियाण्यावर सरकारी आकडा कसा पडतो, हे आजीकडून शिकलो.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, नाहीतर आपण फक्त रडगाणे गाऊ. मुंबईत मे १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झाले. शहरातला गिरणी कामगार अर्धपोटी राहिला असेल, पण भुकेने रस्त्यावर मेला नाही. त्याच वर्षी बंगालमध्ये काय झाले? जपान येईल या भीतीने किनाऱ्यावरचा तांदूळ आणि होड्या सरकारने आधीच हलवल्या होत्या. भाव भडकले. कलकत्त्यात पुरे रेशनिंग यायला १९४४ उजाडले. तोवर वीस ते तीस लाख माणसे मेली, आणि त्यांत बहुतेक खेड्यातली होती. भूमिहीन मजूर, कोळी, लहान कुळे अशी ती माणसे. तेव्हा संकटात धान्याची वाटणी करणे चूक आहे असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणारा माणूस बंगाल विसरला असे समजावे. आमचा प्रश्न निराळा आहे. वाटणीचा खर्च कोणाच्या खिशातून गेला? आणि संकट सरल्यावर तो खिसा मोकळा का झाला नाही?

'तात्पुरता' या शब्दाचे आयुष्य

लढाई १९४५ मध्ये संपली. भारत संरक्षण नियमांची मुदत सप्टेंबर १९४६ मध्ये संपली. आता कंट्रोल जायला हवा होता. त्याऐवजी नवा कायदा आला. त्याचे नाव ऐका: अत्यावश्यक पुरवठा (तात्पुरते अधिकार) कायदा, १९४६. तात्पुरते हा शब्द खुद्द नावातच होता.

१९४७ च्या अखेरीस गांधीजींनी कंट्रोल उठवण्याचा आग्रह धरला आणि डिसेंबरमध्ये तो सैल झाला. पण भाव चढले, ओरड झाली आणि १९४८ मध्ये कंट्रोल परत आला. पुढे रफी अहमद किडवाई अन्नमंत्री असताना १९५२ ते ५४ या काळात पुन्हा बंधने सुटली आणि या वेळी आभाळ कोसळले नाही. तेव्हा तरी हे प्रकरण मिटायला हवे होते. झाले उलटे. १९५४ मध्ये घटनादुरुस्ती करून अन्नधान्य, तेलबिया, कापूस अशा मालाच्या व्यापारावर कायदे करण्याचा केंद्राचा अधिकार पक्का केला गेला आणि १९५५ मध्ये अत्यावश्यक वस्तू कायदा आला. त्याच्या नावात 'तात्पुरते' हा शब्द नाही. नऊ वर्षांत तो शब्द तेवढा गळून पडला. अधिकार राहिले.

बासष्ट, एकाहत्तर आणि न उठलेली आणीबाणी

तुम्ही म्हणाल, ते इंग्रजाचे राज्य होते. आता आपल्या राज्याचे पाहू.

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने हल्ला केला. आणीबाणी जाहीर झाली आणि नवा भारत संरक्षण कायदा आला. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे आपण अभिमानाने म्हणतो, आणि म्हणावे. गावोगाव बायकांनी अंगावरचे दागिने संरक्षण निधीत घातले. कोणी मागे राहिले नाही. लढाई महिनाभराची होती. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी लढाई थांबवली. आणि आणीबाणी? ती उठली जानेवारी १९६८ मध्ये! महिन्याच्या लढाईला पाच वर्षांहून जास्त आणीबाणी.

या काळात काय काय झाले ते पाहा. जानेवारी १९६३ मध्ये याच संरक्षण नियमांत सुवर्ण नियंत्रण आले. चौदा कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी झाली. सोनारांची दुकाने बसली. शेतकऱ्याच्या घरी सोने म्हणजे मिरवायची वस्तू नव्हे, ती पेरणीच्या वेळची बँक आहे, हे दिल्लीत कोणाच्या ध्यानात आले नाही. पुढे त्याचा स्वतंत्र कायदा झाला आणि तो रद्द झाला १९९० साली. १९६२ ची लढाई सोनाराच्या बागेसरीवर अठ्ठावीस वर्षे चालली.

डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेशाची लढाई झाली. तेरा दिवसांत आपल्या सैन्याने इतिहास घडवला. ३ डिसेंबरला जाहीर झालेली आणीबाणी मात्र मार्च १९७७ पर्यंत चालू राहिली. १९७५ ची आणीबाणी आपल्याला आठवते, पण ती जाहीर झाली तेव्हा आधीची एक आणीबाणी चालूच होती, हे फार थोड्यांना आठवते. त्याच दुहेरी आणीबाणीत, १९७६ मध्ये, अत्यावश्यक वस्तू कायदा घटनेच्या नवव्या परिशिष्टात नेऊन ठेवला गेला. मूलभूत हक्क दाखवून त्याविरुद्ध कोर्टात जाण्याची वाट त्या वेळी बंद झाली. १९७३ नंतर परिशिष्टात घातलेल्या कायद्यांची तपासणी होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते २००७ साली.

आता साखळी जोडून बघा. १९३९ चा नियम, १९४६ चा तात्पुरता कायदा, १९५५ चा कायमचा कायदा, १९७६ चे कुलूप. प्रत्येक वळणावर टंचाई किंवा लढाई उभी आहे, आणि कोणत्याच वळणावर पिकवणाऱ्याला कोणी विचारलेले नाही. २०२० साली या कायद्यात दुरुस्ती झाली. युद्ध, दुष्काळ, भावाचा असाधारण भडका आणि मोठी नैसर्गिक आपत्ती अशा प्रसंगीच धान्य, डाळी, तेलबिया, कांदा-बटाट्यावर बंधने घालावीत, असे तिच्यात म्हटले होते. ती दुसऱ्या दोन कायद्यांबरोबर आली, त्यावर देशात मोठे आंदोलन झाले, आपल्यातही मते दुभंगली आणि २०२१ मध्ये ती दुरुस्तीही मागे गेली. त्या वादात आज पडायचे नाही. एवढेच टिपून ठेवा की लढाईसाठी केलेला अधिकार लढाईपुरता असावा, हे वाक्य कायद्यात यायला एक्याऐंशी वर्षे लागली आणि ते एका वर्षात पुसले गेले.

भाकरी दुसऱ्याची, तर जीभही दुसऱ्याची

आता परराष्ट्र धोरणाकडे वळू. हा विषय विद्वानांचा आहे असे समजू नका. ज्याच्या घरचे दाणे संपले, तो गावकीत कसा बोलतो हे आपण पाहिलेले आहे. देशाचेही तसेच असते.

१९५६ पासून आपण अमेरिकेचा पीएल-४८० चा गहू आणत होतो. तो रुपयांत मिळायचा, म्हणून सरकारला स्वस्त वाटला. तो आमच्या शेतकऱ्याच्या भावाच्या छातीवर बसला, याचा हिशेब कोणी धरला नाही. मग सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानशी लढाई झाली. अमेरिकेने दोन्ही देशांची लष्करी मदत थांबवली. त्याच वर्षी पाऊस गेला. १९६४-६५ मध्ये देशात ८ कोटी ९० लाख टन धान्य झाले होते, ते पुढच्या वर्षी ७ कोटी २० लाख टनांवर आले. १९६६ मध्ये सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले. आणि अध्यक्ष जॉन्सन यांनी गव्हाचे लांब मुदतीचे करार बंद करून थोडा थोडा गहू सोडायला सुरुवात केली. जहाज लागले तर चूल पेटायची. व्हिएतनामच्या लढाईवर भारत बोलायचा ते वॉशिंग्टनला रुचत नव्हते. गव्हाची दोरी त्यांच्याच हातात होती.

लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक संध्याकाळ उपास करायला सांगितले आणि 'जय जवान, जय किसान' म्हटले. त्यांनी जवानाच्या शेजारी किसानाला उभे केले याचे कारण भावनेपुरते नव्हते. त्यांना दिसले होते की गव्हाची कोठारे रिकामी असतील तर सरहद्दीवरची बंदूकही अर्धीच भरलेली असते. शेतमालाचे भाव सुचवणारा आयोग आणि अन्न महामंडळ ही दोन्ही १९६५ ची अपत्ये. सी. सुब्रह्मण्यम यांनी १९६६ मध्ये मेक्सिकोहून गव्हाचे १८ हजार टन बियाणे आणवले. महाराष्ट्रात वसंतराव नाईकांनी राज्य दोन वर्षांत स्वयंपूर्ण झाले नाही तर मला फासावर द्या, असे जाहीर सभेत सांगितले आणि संकरित ज्वारी गावोगाव नेली. कॉलेजात आम्हाला हा इतिहास वाणांच्या नावांनी शिकवला: लर्मा रोहो, सोनोरा ६४. त्यामागे एक लढाई आणि एक अपमान होता, हे पुस्तकात नव्हते.

याचे फळ १९७१ मध्ये दिसले. पूर्व बंगालातून एक कोटी निर्वासित आले. अमेरिकेने मदत तोडली, सातवे आरमार बंगालच्या उपसागरात पाठवले. पण या वेळी सरकारी कोठारात आपले धान्य होते. इंदिरा गांधींना ताठ मानेने नाही म्हणता आले ते सैन्याच्या बळावर, आणि त्या धान्याच्या बळावर. त्या विजयात पंजाबच्या जाटाचा आणि विदर्भाच्या ज्वारीवाल्या कुणब्याचाही वाटा आहे. पण भाव बांधून, लेव्ही घेऊन, तालुक्याबाहेर माल नेऊ न देऊन त्या वाट्याची किंमत त्याच्याकडूनच वसूल झाली. जय किसान म्हणायचे आणि किसानाला बांधायचे, दोन्ही एकाच वर्षांत चालले होते.

लढाई तिकडे, वार इकडे

आता तर लढाई आपली असण्याचीही गरज उरलेली नाही. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशिया युक्रेनमध्ये घुसला. जगात गहू महागला. एप्रिलमध्ये दिल्लीतून जगाला धान्य पुरवण्याची भाषा झाली. हमीभाव क्विंटलला २,०१५ रुपये होता आणि व्यापारी त्याहून जास्त देत होता. मार्चच्या उष्णतेने पीक घटलेले, सरकारी खरेदी कमी झालेली, तेव्हा १३ मे रोजी गव्हाची निर्यात एका आदेशाने बंद झाली. त्याच महिन्यात सूर्यफूल आणि सोयाबीनचे कच्चे तेल, प्रत्येकी वीस लाख टन, दोन वर्षे विनाशुल्क आणायची परवानगी मिळाली. युक्रेनचे सूर्यफूल तेल अडकले होते, शहरातल्या फोडणीला तेल हवे होते, हे खरे. पण लातूरच्या सोयाबीनवाल्याला त्या लढाईत भाव मिळण्याची एक संधी आली होती. ती दिल्लीने त्याच्या ताटातून काढून घेतली, आणि बदल्यात काही दिले नाही.

२०२५ मध्ये तर गाठ आणखी लांबची. युक्रेनची लढाई चालू, म्हणून रशियाचे तेल स्वस्त, म्हणून ते आपण घेतले, म्हणून अमेरिकेने २७ ऑगस्टपासून आपल्या मालावर दंडाचे जादा शुल्क लावले आणि एकूण शुल्क ५० टक्क्यांवर नेले. कापड उद्योग घाबरला. त्याला दिलासा म्हणून कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ झाले, आधी सप्टेंबरअखेर, मग डिसेंबरअखेर. नेमका यवतमाळच्या वेचणीचा हंगाम! हमीभाव ८,११० रुपये जाहीर होता, आणि बाहेरची रुई विनाशुल्क बंदरात उतरत होती. रशियाचे तेल घ्यावे की नाही हा देशाचा प्रश्न आहे, आम्ही त्याला विरोध करत नाही. पण देशाने घेतलेल्या भूमिकेची पट्टी एकट्या कापूसवाल्याने का भरावी?

मग मागायचे काय?

कोणी म्हणेल, लढाईच्या वेळी हिशेब मागणे शोभत नाही. आम्ही विचारतो, लढाईत मरणारा जवान कोणाचा? या सभेत ज्यांची पोरे सरहद्दीवर आहेत, त्यांना देशभक्तीचा धडा द्यायची हिंमत कोणी करू नये. देशासाठी द्यायला शेतकरी कधी मागे हटला नाही. पण दिलेले आणि घेतलेले यांत फरक असतो. दिलेल्याची पावती लागत नाही. घेतलेल्याची लागते.

म्हणून या जिल्हा बैठकीपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो.

पहिली, संकटाच्या नावाने निघणाऱ्या प्रत्येक बंदीवर, साठामर्यादेवर आणि शुल्कमाफीवर संपण्याची तारीख लिहिलेली असावी. वाढवायची असेल तर संसदेत कारण सांगून वाढवावी. अधिसूचनेवर अधिसूचना चिकटवून नव्हे.

दुसरी, देशाच्या गरजेपोटी शेतकऱ्याचा चढता भाव रोखला, तर रोखल्या दिवसाचा भाव आणि मिळालेला भाव यांतला फरक सरकारी तिजोरीने द्यावा. तोफगोळ्याचे पैसे कारखान्याला पूर्ण मिळतात. ज्वारीचे का नाहीत?

तिसरी गोष्ट सरकारकडे मागायची नाही, ती आपण करायची. प्रत्येक तालुक्याने एक वही घालावी. डाव्या पानावर आदेशाची तारीख, उजव्या पानावर त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या आठवड्याचा आपल्या बाजारातला भाव. आमच्या आजीकडे अशी वही नव्हती. म्हणून तिचे बियाणे गेले ते फक्त तिच्या आठवणीत राहिले, आणि आठवणीला कोर्टात आणि विधानसभेत किंमत नाही.

आज तुम्ही पनवेलला आलात तेव्हा भाताच्या खाचरांच्या जागी इमारती पाहिल्या, विमानतळ पाहिला. ज्या कुलाब्याने १९४३ मध्ये मुंबईला जेवू घातले, त्यातली पुष्कळशी जमीन आता भात पिकवणार नाही. पुढच्या संकटात मुंबईचे डोळे आणखी लांब वळतील, घाटावर, मराठवाड्यात, तुमच्याकडे. त्या दिवशी आदेश घेऊन माणूस दारात येईल. त्याला धान्य जरूर द्या. पण आधी विचारा, हा आदेश कधी संपणार ते यावर कोठे लिहिले आहे?

तेवढा प्रश्न प्रत्येक गावाने विचारला, तर आजचे बोलणे वाया गेले नाही असे आम्ही समजू.